‘सोयीसाठी’ मांडलेली वेगळी उपासना

पत्र:

“आमच्या ख्रिस्ती मंडळीत गेल्या दोन वर्षांत आफ्रिकेतून स्थलांतर करून आलेली सहा कुटुंबे नियमित येऊ लागली आहेत. बहुसंख्य सभासद गोरे आहेत. मी या दोन्ही गटांतली नाही, पण अकरा वर्षांपासून सभासद आहे आणि आता मंडळीच्या कमिटीवरही आहे. ही कुटुंबे ज्या रांगेत बसतात, त्या रांगेतल्या उरलेल्या खुर्च्या उपासना संपेपर्यंत रिकाम्या राहतात, हे मी अनेक रविवार पाहत आले आहे. आता कमिटीपुढे प्रस्ताव आला आहे की, त्यांच्यासाठी दुपारी वेगळी उपासना ठेवावी, म्हणजे ‘सर्वांचीच सोय होईल’. त्या कुटुंबांना कोणी विचारलेले नाही. शास्त्राभ्यासात एका ज्येष्ठ सभासदांनी हामला मिळालेल्या शापाचा उल्लेख केला. कोणी काही बोलले नाही, मीही बोलले नाही. पाळकसाहेब सज्जन आहेत. ते म्हणतात, ‘ख्रिस्तात काळा-गोरा नाहीच, मग हा विषय काढून फूट कशाला पाडायची? आपण सुवार्ता सांगावी.’ वंशभेद हे खरोखर पाप आहे, की नुसता असभ्यपणा? त्याला शास्त्रात आधार आहे का? आणि मी काय करावे: बोलावे, गप्प राहावे, की मंडळी सोडावी?” (एक सभासद)

प्रिय भगिनी, प्रभूमध्ये सलाम.

तुमच्या कमिटीची बैठक जवळ आली असेल, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे मागून सांगतो. या प्रस्तावाला तुम्ही उघड विरोध करावा, आणि तो करताना हा सोयी-गैरसोयीचा प्रश्न नसून सुवार्तेचा प्रश्न आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगावे, असे माझे मत आहे. मंडळी सोडण्याविषयी शेवटी लिहितो.

हामच्या शापापासून सुरुवात करतो, कारण त्या उल्लेखानंतर खोलीत जी शांतता पसरली ती मला प्रस्तावाइतकीच गंभीर वाटते. उत्पत्तीचा नववा अध्याय उघडून सावकाश वाचा. जलप्रलयानंतर देव नोहाला आणि त्याच्या मुलांना आशीर्वाद देतो. त्या आशीर्वादात हामही आहे, आणि ते अध्यायाच्या पहिल्याच वचनात आहे. पुढे नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या डेऱ्यात उघडा पडतो, हाम ते पाहून बाहेर भावांना सांगतो, आणि शुद्धीवर आलेला नोहा जो शाप उच्चारतो तो कनानाला, म्हणजे हामच्या मुलाला. शाप देवाच्या तोंडचा नाही, तो हामला दिलेला नाही, आणि त्या उताऱ्यात कोणाच्याही कातडीच्या रंगाविषयी एक शब्दही नाही. दहाव्या अध्यायात हामच्या चार मुलांची नावे येतात: कूश, मिसराईम, पूट आणि कनान. इजिप्तच्या दक्षिणेकडील आफ्रिकी प्रदेशाशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो कूश, आणि त्याला कोणीही शाप दिलेला नाही. मजकूर इतका उघड असूनही काळ्या लोकांच्या गुलामगिरीला हाच शाप शतकानुशतके आधार म्हणून सांगितला गेला. चुकीचा अर्थ जुना असेल, पण त्याला बळ दिले ते माणसे विकण्याच्या धंद्याने. सहा दिवस तो धंदा करणाऱ्याला सातव्या दिवशी उपासनेला बसायचे होते, आणि त्यासाठी मनाची समजूत घालणारे एखादे वचन त्याला हवे होते.

शास्त्रात कूशी माणसे खरोखर भेटतात ती कुठे, हेही त्या ज्येष्ठ सभासदांना दाखवावे. यिर्मया संदेष्ट्याला राजाच्या सरदारांनी चिखलाच्या विहिरीत सोडले, तेव्हा यरुशलेमातला एकही धार्मिक पुढारी पुढे आला नाही. राजवाड्यातला एबद-मलेख नावाचा कूशी सेवक राजापुढे जाऊन उभा राहिला आणि हा अन्याय आहे, असे त्याने तोंडावर सांगितले. परवानगी मिळाल्यावर त्याने भांडाराखालच्या खोलीतून जुनी फाटकी वस्त्रे गोळा केली, दोरांबरोबर खाली सोडली आणि वर ओढताना दोर काचू नयेत म्हणून ती काखेखाली घे, असे यिर्मयाला सांगितले. संदेष्ट्याची सुटका सांगताना शास्त्र त्या चिंध्यांपाशी थांबते, आणि मला तो तपशील फार मोलाचा वाटतो. गणनाच्या बाराव्या अध्यायात मोशेच्या कूशी पत्नीवरून त्याची भावंडे मिर्याम आणि अहरोन त्याच्याविरुद्ध बोलू लागतात, आणि परमेश्वराचा क्रोध भडकतो तो त्या कूशी स्त्रीवर मुळीच नाही, बोलणाऱ्यांवर. त्या अध्यायाच्या शेवटाकडे मी पुन्हा येईन, कारण तुमच्या शास्त्राभ्यासात बोललेल्या त्या वृद्ध माणसाशी कसे वागावे, हे तिथे आहे.

आता प्रस्तावाकडे येतो. ‘सोय’ हा शब्द तुमच्या कमिटीने प्रथम शोधलेला नाही. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या केप प्रांतातील सिनॉडने, म्हणजे चर्चच्या निर्णय घेणाऱ्या सभेने, १८२९ साली ठरवले होते की, प्रभुभोजन सर्व सभासदांना रंगाचा वा मूळचा भेद न करता एकत्रच दिले जावे. गोऱ्या सभासदांना ते खुपत राहिले, तक्रारी येत राहिल्या, आणि १८५७ साली त्याच सिनॉडपुढे विषय पुन्हा आला. त्या वर्षीचा ठराव प्रत्येक मंडळीच्या कमिटीने वाचावा असा आहे. एकत्र राहणे हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, असे त्यात आधी मान्य केले आहे. आणि मग म्हटले आहे की, जिथे ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ त्यामुळे कार्याला अडथळा येत असेल, तिथे काळ्या ख्रिस्ती लोकांनी आपली उपासना वेगळ्या इमारतीत करावी. काय बरोबर आहे, हे त्या सभेला पुरते ठाऊक होते. तिने ते लिहूनही ठेवले आणि दुर्बलतेला सवलत दिली.

पुढे काय झाले, ते सर्वांना माहीत आहे, पण ते किती हळूहळू झाले याकडे लक्ष द्या. १८८१ साली वेगळ्या उपासनेची वेगळी संस्था झाली आणि मिश्रवंशीय ख्रिस्ती लोकांसाठी निराळे मिशन चर्च स्थापन झाले. जे सवलत म्हणून सुरू झाले ते रूढी झाले, रूढीला शास्त्राधार शोधला गेला, आणि १९४८ साली वर्णभेदाचे धोरण घेऊन निवडून आलेल्या सरकारला तयार ईश्वरविज्ञान हाती मिळाले. बाबेलच्या बुरुजाची गोष्ट आणि देवाने राष्ट्रांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या, हे प्रेषित पौलाचे अथेनैतील वाक्य, ही त्या ईश्वरविज्ञानाची आवडती वचने होती. त्याच वाक्याच्या पूर्वार्धात देवाने एकापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली, असे आहे. पण तेवढा अर्धा भाग हळू आवाजात वाचला जात असे. शेवटी १९८२ साली ओटावा येथे रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने वर्णभेद हे पाप असल्याचे आणि त्याचे शास्त्रीय समर्थन ही पाखंडी शिकवण असल्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी त्या मिशन चर्चने बेलहार येथे आपल्या विश्वासकबुलीचा मसुदा मांडला, जो १९८६ साली स्वीकारला गेला. ‘काहींच्या दुर्बलते’पासून ‘पाखंड’ या शब्दापर्यंत १२५ वर्षे गेली. मधल्या काळात त्या सवलतीखाली किती आयुष्ये दबली, याचा हिशेब कोण देणार?

तुमच्या कमिटीत कोणी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय पुढे करील आणि विश्वासाने दुर्बल असलेल्यांना सांभाळून घ्यावे, असे म्हणेल. तो अध्याय जरूर वाचू द्या. तिथला दुर्बल मनुष्य विशिष्ट अन्न वर्ज्य करतो, विशिष्ट दिवस पाळतो; तो स्वतःवर बंधन घालून घेतो. दुसऱ्याला पंगतीतून उठवणाऱ्याला पौलाने तिथे दुर्बल म्हटलेले नाही, आणि पंधराव्या अध्यायात त्याचा निष्कर्ष असा की, ख्रिस्ताने तुमचा स्वीकार केला तसा तुम्ही एकमेकांचा स्वीकार करा.

पंगतीतून उठणाऱ्याला पौल काय म्हणतो, ते गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचे मर्म तिथेच आहे. प्रेषित पेत्र अंत्युखिया शहरात आला आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, बंधूंबरोबर मोकळेपणाने जेवू लागला. मग यरुशलेमेकडून काही लोक आले, आणि त्यांच्या धास्तीने पेत्र मागे सरकला व वेगळा बसू लागला. त्याने एकही खोटी शिकवण दिली नव्हती, कोणाचा अपमान केला नव्हता, फक्त जेवायची जागा बदलली होती. त्याचे पाहून इतर यहूदी उठले, आणि बर्णबासुद्धा, ज्याने त्या शहरात पौलाबरोबर वर्षभर शिक्षण दिले होते, तोही त्यांच्याबरोबर वाहवला. पौलाने पेत्राला तोंडावर आणि सर्वांसमक्ष विरोध केला, आणि त्याचे कारण त्याने ‘तू उद्धटपणे वागलास’ असे दिलेले नाही. ते सुवार्तेच्या सत्याप्रमाणे सरळ चालत नाहीत, असे त्याने म्हटले. माणूस देवापुढे केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो, ही थोर शिकवण त्या पत्रात येते ती याच जेवणाच्या भांडणातून. सुवार्ता सांगावी आणि हा विषय काढू नये, असे पाळकसाहेब म्हणतात, तेव्हा त्यांना नम्रतेने विचारावेसे वाटते की, पौलाने तो विषय काढला नसता, तर त्यांना सांगायला कोणती सुवार्ता उरली असती?

इथे एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे होईल. यहूदी आणि परराष्ट्रीय हा भेद म्हणजे आजचा वंशभेद नव्हे. तो भेद करार, सुंता आणि नियमशास्त्र यांभोवती उभा होता; कातडीच्या रंगावरून मानवजातीच्या पायऱ्या लावण्याची कल्पना गेल्या काही शतकांत, वसाहती आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर घडत गेली. म्हणून बायबलमध्ये ‘वंशवाद’ हा शब्द शोधून तो सापडत नाही, असे कोणी म्हणाले तर ते खरे आहे. पण देवाने स्वतः दिलेल्या नियमशास्त्रामुळे पडलेली भिंतही जर ख्रिस्ताने पाडली, तर माणसांनी व्यापारासाठी बांधलेली भिंत मंडळीत उभी ठेवायला कोणता आधार उरतो? इफिसकरांस पत्रात ज्या भिंतीचा उल्लेख आहे, तशी एक भिंत यरुशलेमेच्या मंदिराच्या आवारात खरोखर होती, आणि तिच्यावरचा ग्रीक भाषेतला इशारा कोरलेला दगड १८७१ साली सापडला. परक्याने या कठड्याच्या आत येऊ नये, आल्यास होणाऱ्या मृत्यूला तो स्वतः जबाबदार राहील, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. पौलाच्या वाचकांना ‘भिंत’ ही नुसती उपमा वाटली नसावी.

आता पाळकसाहेबांच्या बोलण्यामागचे वचन. ‘यहूदी व हेल्लेणी (ग्रीक), दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेदच नाही, कारण तुम्ही सर्व ख्रिस्त येशूमध्ये एक आहात.’ लंडनमध्ये १८०७ साली वेस्ट इंडीजमधील गुलामांना शिकवण्यासाठी बायबलमधील निवडक भागांचे एक पुस्तक छापले गेले. इस्राएल लोक मिसरातून सुटले, तो भाग त्यातून गाळलेला आहे, आणि हे वचनही गाळलेले आहे. ते वचन गुलामांच्या कानी पडणे त्यांच्या मालकांना धोक्याचे वाटत होते. आज तेच वचन अन्यायाचा उल्लेख बंद करण्यासाठी म्हटले जावे, याचे मला मनापासून दुःख होते. पाळकसाहेबांचा हेतू वाईट नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसते. पण भेद दिसत नाही असे म्हणणे आणि भेदाने घातलेले अंतर मिटवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या मंडळीत त्या रिकाम्या खुर्च्या सर्वांना दिसत आहेत.

आरंभीच्या मंडळीने या बाबतीत काय केले, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. ग्रीकभाषी विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी कुरकूर झाली. प्रेषितांनी कुरकूर करणाऱ्यांना फूट पाडणारे म्हटले नाही, आपल्यात हिब्री-हेल्लेणी असे काही नाही, असेही सांगितले नाही. त्यांनी सात माणसे निवडून घेतली: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पर्मिनास आणि अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच ओळखीच्या माणसांच्या हाती वाटपाची किल्ली देण्यात आली. आणि ज्या अंत्युखियात पेत्र पंगतीतून उठला, तिथल्याच मंडळीच्या पुढाऱ्यांत शिमोन नावाचा एक माणूस होता, ज्याला नीगर, म्हणजे काळा, असे म्हणत. उत्तर आफ्रिकेतल्या कुरेने गावचा लूक्य होता. हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन होता. बर्णबा आणि शौल, म्हणजे पौल, होते. यांतल्या बाकीच्यांनी उपासकाळात हात ठेवून शौलाला आणि बर्णबाला कामगिरीवर पाठवले. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम पडले, तेही याच शहरात. म्हणून तुमच्या कमिटीत मला एवढेच विचारायचे आहे की, दोन वर्षे नियमित येणाऱ्या सहा कुटुंबांतले एकही माणूस त्या टेबलाभोवती का नाही?

वंशभेद पाप आहे की असभ्यपणा, हा तुमचा प्रश्न. तो पाप आहे, आणि हे मत कुठल्या एका पंथाचे नाही. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली वंश वा रंग यांवरून होणारा भेदभाव ख्रिस्ताच्या मनोदयाविरुद्ध असल्याचे म्हटले, आणि अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १९७९ साली वंशवादाला सरळ पाप म्हटले. मुळात हा आधार फार जुना आहे. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने बायबलमधील उपदेशक ग्रंथावर प्रवचन करताना गुलाम विकत घेणाऱ्यांना विचारले होते की, देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही किती नाणी मोजली? माणूस देवाच्या प्रतिरूपाचा असेल, तर त्याला कमी लेखणे हे त्या प्रतिरूपाच्या धन्याविषयी बोलणे होते, म्हणून हा गुन्हा शेजाऱ्यापुरता थांबत नाही.

पण हे पाप नेमके राहते कुठे, याबद्दल ख्रिस्ती विचारवंतांत खरा मतभेद आहे आणि तो तुमच्यापासून लपवणार नाही. काहींच्या मते ते अंतःकरणात राहते, म्हणून माणसाचे मन पालटले की बाकी सारे आपोआप सुधारते. दुसरे म्हणतात की, ते कायद्यात, संस्थेत आणि रूढीत घर करते आणि सज्जन माणसांच्या हातूनही चालू राहते. मला पहिले अपुरे वाटते. व्हर्जिनिया वसाहतीने १६६७ साली कायदा केला की, बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाच्या स्थितीत बदल होत नाही; एकदा तो कायदा झाल्यावर धन्याच्या मनात दया असो वा नसो, बाप्तिस्मा घेतलेला भाऊ त्याची मालमत्ताच राहिला. इंग्लंडच्या चर्चशी संलग्न असलेल्या एका मिशनरी संस्थेला बार्बाडोसमधील उसाचे मळे मृत्युपत्राने मिळाले, आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जात असे. मळ्याच्या उत्पन्नातून धर्मकार्य करणारे ते लोक प्रार्थना करणारेच होते. चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनॉडने या इतिहासाबद्दल माफी मागितली ती २००६ साली. प्रत्येकाने आपापले मन तपासले म्हणून छातीवरचा डाग जात नाही.

याच मुद्द्यावरून अमेरिकेतील विचारवंत जेम्स कोन यांनी १९६९ पासून काळ्यांचे ईश्वरविज्ञान मांडले आणि दडपलेल्यांच्या बाजूला उभा नसलेला देव हा बायबलचा देव नव्हे, असे ठामपणे सांगितले. त्यांचा स्वर अनेकांना कठोर वाटला. त्यांच्याच परंपरेतील जे. डिओटिस रॉबर्ट्स यांनी मुक्तीबरोबर समेटही तितकाच आवश्यक आहे, असा आग्रह धरला. मी स्वतः रॉबर्ट्स यांच्याकडे झुकतो, पण ज्या मंडळ्यांनी कोन यांचा राग ऐकूनच घेतला नाही, त्यांना रॉबर्ट्स यांचा समेट मागण्याचा हक्क पोहोचतो असे मला वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८५ साली निघालेल्या कैरोस पत्रकाने नेमके यावरच बोट ठेवले होते: अन्याय चालू असताना दोन्ही बाजूंना समेटाचा उपदेश करणारी चर्चची भाषा वरवर ख्रिस्ती वाटते, पण अन्याय करणाऱ्यांनी पश्चात्ताप केलेला नसतानाही ती त्यांना क्षमा करायला सांगते. अमेरिकेतील बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी पत्र लिहिले ते द्वेष करणाऱ्यांना नव्हे, तर ‘अजून वेळ आलेली नाही’ असे म्हणणाऱ्या आठ धर्मपुढाऱ्यांना. ताण नसणे म्हणजे शांती, असे मानणाऱ्या सज्जनांनी त्यांना सर्वाधिक निराश केले होते.

हे मी दुरून लिहीत नाही. तरुण वयात एका मंडळीच्या कमिटीचा मी चिटणीस होतो. परक्या देशातून, वेगळ्या वंशातून आलेल्या एका बंधूचे नाव मंडळीचा वडील (एल्डर) म्हणून सुचवले गेले, आणि तीन बैठकांत ते ‘आणखी विचारासाठी’ पुढे ढकलले गेले. तिन्ही वेळा इतिवृत्त मी माझ्या हाताने लिहिले. त्या वाक्यात कोणाचाही अपमान नव्हता, व्याकरणाची चूकही नव्हती. तो बंधू काही न बोलता यायचा थांबला, आणि का थांबला, हे विचारायला मी कधी गेलो नाही. शास्त्राभ्यासात तुम्ही गप्प राहिलात म्हणून तुम्हाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. ती शांतता आतून कशी असते, ते मला माहीत आहे.

तुमच्या जागेविषयी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती थोडी टोचेल. तुम्ही दोन्ही गटांतल्या नाही. अकरा वर्षांपूर्वी तुमच्याही शेजारची खुर्ची कदाचित काही रविवार रिकामी राहिली असेल, आणि आज तुम्ही कमिटीवर आहात. अशा माणसाला मिळालेली जागा सांभाळण्याचा मोह होतो, आणि बहुसंख्यही त्याच्याकडे बोट दाखवून ‘पाहा, आमच्याकडे भेदभाव नाही’ असे म्हणतात. त्यांच्या त्या वाक्याचा पुरावा तुम्ही होऊ नका.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते लिहितो. सर्वांत आधी त्या कुटुंबांकडे जा, पण त्यांच्याकडून साक्ष गोळा करायला जाऊ नका. त्यांनी आपले दुःख सिद्ध करून दाखवावे, अशी वेळ त्यांच्यावर येता कामा नये. प्रस्तावाची बातमी त्यांना सांगा आणि त्यांना काय हवे ते ऐका. कदाचित त्यांच्यातल्या वृद्धांना आपल्या भाषेत प्रार्थना करण्यासाठी एखादी वेळ हवी असेल. ती त्यांनी मागितली तर आनंदाने द्यावी. भाषेसाठी मागितलेली उपासना आणि रंगामुळे ठरवून दिलेली उपासना यांत फरक आहे. काळ्या ख्रिस्ती लोकांची स्वतंत्र चर्च आहेतच की, असे कोणी म्हणेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन यांच्या अब्सलोम जोन्स आदी सोबत्यांना गुडघे टेकून प्रार्थना करीत असतानाच उठवण्यात आले, तेव्हा ते बाहेर पडले, आणि पुढे १८१६ साली त्यातूनच आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले. ज्याला उठवले गेले त्याने आपले घर बांधले, याचा आधार घेऊन उठवणाऱ्याला दार लावता येत नाही. मंडळीच्या वाढीसाठी एकसारखे लोक एकत्र ठेवावेत, असेही एक मत मिशनकार्याच्या अभ्यासात डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांच्यामुळे प्रचलित झाले. माणसे आपल्यासारख्यांत लवकर मिसळतात, हे निरीक्षण म्हणून खरे आहे. पण अंत्युखियाच्या पंगतीत पेत्रही त्याच निरीक्षणाप्रमाणे वागला होता.

त्यानंतर पाळकसाहेबांना एकांतात भेटा. ते सज्जन आहेत, तर त्यांना आधी ऐकण्याची संधी द्या, आणि गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय त्यांच्याबरोबर बसून वाचा. बैठकीपूर्वी येणाऱ्या रविवारी त्या रांगेत जाऊन बसा, शक्य असेल तर आणखी एका-दोघांना बरोबर घेऊन, आणि त्याचा गाजावाजा करू नका. बैठकीत दोनच मागण्या ठेवा: हा प्रस्ताव मागे घ्यावा, आणि त्या कुटुंबांनी सुचवलेल्या व्यक्तींना कमिटीत व शास्त्रवाचनाच्या सेवेत घ्यावे. सुरुवातीला त्यांच्यातल्या कोणाला तरी नुसते गाणे म्हणायला उभे केले जाईल आणि काम झाले असे वाटेल. तिथे थांबू नका, कारण प्रेषितांनी त्या सातांना गाणे म्हणायला निवडले नव्हते. शास्त्राभ्यासही त्यांच्यासोबत होऊ द्या. अमेरिकेतील विचारवंत हॉवर्ड थर्मन यांची आजी पूर्वी गुलाम होती, आणि ती नातवाकडून पौलाची पत्रे वाचून घेत नसे, करिंथकरांस पहिल्या पत्रातला प्रीतीवरचा तेरावा अध्याय तेवढा अपवाद. कारण मालकाचा धर्मोपदेशक पुन्हा पुन्हा ‘दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा’ एवढेच वाचून दाखवीत असे. एकच वचन कोणाच्या कानावर कसे पडते, हे त्या कानांना विचारल्याखेरीज कळत नाही.

हामचा शाप सांगणाऱ्या ज्येष्ठ सभासदांविषयी. त्यांची चूक सर्वांसमक्ष झाली आहे, म्हणून दुरुस्तीही त्याच शास्त्राभ्यासात व्हावी. पुढच्या वेळी उत्पत्तीचा नववा अध्याय उघडून, आवाज न चढवता वाचून दाखवा. त्यांना मंडळीतून घालवू नका. मोशेच्या पत्नीवरून बोललेली मिर्याम कोडाने हिमासारखी पांढरी झाली आणि सात दिवस छावणीबाहेर राहिली, पण तिच्यासाठी परमेश्वराचा धावा केला तो मोशेनेच, आणि तिला परत आत घेईपर्यंत लोकांनी आपला मुक्काम हलवला नाही, असे तिथे लिहिले आहे. शिक्षा झाली, प्रार्थना झाली आणि सगळी छावणी वाट पाहत थांबली. त्या वृद्ध माणसासाठी तुमच्या मंडळीने एवढे करायला हरकत नाही.

मंडळी सोडावी का? आज नाही. तुम्ही सोडलीत तर कमिटीतला एक आवाज कमी होईल, आणि ती सहा कुटुंबे तिथेच राहतील. प्रस्ताव मंजूर झाला तर तुमचा विरोध कारणांसह इतिवृत्तात शब्दशः नोंदवायला सांगा आणि त्या दुपारच्या उपासनेला त्या कुटुंबांबरोबर जाऊन बसा. आणि वरच्या सिनॉडकडे किंवा बिशपांकडे दाद मागण्याची सोय तुमच्या मंडळीच्या घटनेत असेल, तर ती वापरा. पण उद्या वेगळेपणाचे समर्थन व्यासपीठावरून शास्त्रवचनांनी होऊ लागले आणि ते सांगणाऱ्याला कोणी अडवीनासे झाले, तर तुम्ही त्या कुटुंबांना विचारा की ती कुठे जाणार आहेत, आणि त्यांच्याबरोबर निघा.